वजनाच्या ऑपरेशननंतर भेटायला जाताय? या चुका टाळा

आमच्या घरात वजन कमी करायची दोन ऑपरेशनं झाली. आधी आत्याचं, बायपास (हृदयाचं नव्हे, जठराचं); दोन वर्षांनी वहिनीचं, स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून नळीएवढं ठेवतात ते. दोन्ही वेळा दार उघडायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे कोण काय घेऊन येतं ते पुरेपूर पाहिलंय. माणसं मायेनेच येतात हो. पण दादरला उतरल्यावर आठवतं, रिकाम्या हाताने कसं जायचं, आणि समोर मिठाईचं दुकान असतंच.

त्या मिठाईचीच गोष्ट सांगते. आत्याचा तिसरा आठवडा, सगळं मिक्सरमधून काढून चमच्या-चमच्याने चाललेलं. ठाण्याचे काका अर्धा किलो कंदी पेढे घेऊन गिरगावात हजर. "अगं, अर्धा खा, अर्ध्याने काय होतंय?" भिडेखातर तिने खाल्ला. पंधरा मिनिटांत घामाने ब्लाऊज भिजला, छाती धडधडायला लागली, पोटात कळा. आम्हाला वाटलं, हार्टच. डॉक्टरांना फोन लावला तर पहिला प्रश्न, "काय खाल्लं?" याला डंपिंग म्हणतात. बायपासमध्ये जठराची अंड्याएवढी पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. गोड पदार्थ झपकन आतड्यात उतरतो, आतडं पाणी ओढून घेतं, आणि मग हे असं. पाऊण तासाने आत्या सावरली. काका तोवर कोपऱ्यात बसून पेढ्यांच्या खोक्याला रबर लावत होते.

फळांच्या रसाचे डबे नेणाऱ्यांनीही हे वाचावं. साखर ती साखरच.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे प्रोटीन पावडरचा दोन किलोचा डबा. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन पोटात जावं लागतं, हे खरं. पण ऑपरेशननंतर जिभेची चव बदलते. वहिनीला चॉकलेटचा वास आला की मळमळायचं, आणि घरात तोच डबा, दोन-दोन. एकाने तर रात्री ऑनलाइन मागवून परस्पर पत्त्यावर पाठवला होता, तिला एक फोन न करता. अशी घाई मला कळत नाही. मी एकेका वेळेची पाकिटं नेते, चार-पाच चवींची, आणि एक बिनचवीचं. बिनचवीचं वरणाच्या पाण्यात चालतं, फक्त पाणी कोमट होऊ द्या. उकळत्यात टाकलं की गुठळ्या होतात, मग ते कोणीच पीत नाही.

सोड्याची बाटली, वजनकाटा, निशिगंधाचा गुच्छ: नको. आपल्या पर्समधली दुखण्याची गोळी तर मुळीच नको, बायपासवाल्यांना त्यातल्या काहींनी अल्सर होतो. आणि "ऑपरेशन म्हणजे शॉर्टकट" हे वाक्य चपलांबरोबर बाहेर काढून ठेवा. जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि जेवताना पाणी बंद, असला कसला शॉर्टकट?

मग न्यायचं काय? भांड्यांच्या दुकानात स्टीलची इवलीशी वाटी मिळते, बाळाला भरवायची असते तसली, आणि लहान चमचा. मोठ्या ताटात दोन चमचे खिमट पाहून वहिनीला रडू यायचं. वाटी भरलेली दिसली की तेवढंच बरं वाटायचं. सात कप्प्यांची गोळ्यांची डबी न्या. मापाच्या रेघा असलेली पाण्याची बाटली न्या, कारण पाणी दिवसभर घोट-घोट प्यायचं असतं आणि किती झालं ते लक्षात राहत नाही.

पण सगळ्यात कामाची भेट पेशंटसाठी नसतेच. घरातल्या बाकीच्यांचा आठवडाभराचा डबा लावून द्या. फोडणीच्या वासाने जिला उलटी येते, तीच नवऱ्यासाठी भाजी परतत उभी, हे मी आमच्याच घरात पाहिलंय.

कपडे आत्ता घेऊच नका. महिन्याभरात ढगळ होतात. त्याऐवजी शिंप्याचे पैसे द्या. आत्याचे सहा ब्लाऊज मी गल्लीतल्या शिंप्याकडून आत घेऊन आणले होते, मोठ्या टाक्यांची कच्ची टीप मारून. दिवाळीपर्यंत तीन वेळा उसवून पुन्हा आत घ्यावे लागले. चौथ्या वेळी शिंप्याने ब्लाऊज परतच केले. म्हणाला, आता नवीन कापड घेऊन या.