दोन साइटवर मिरर केलेला डेटा: या चुका टाळा

मिररलाच, म्हणजे दुसऱ्या साइटवर सतत जुळवत ठेवलेल्या प्रतीलाच, बॅकअप समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एका साइटवर चुकून टेबल डिलीट झाले किंवा रॅन्समवेअरने फाइली एन्क्रिप्ट केल्या, तर तोच बदल काही क्षणांत दुसऱ्या साइटवरही जसाच्या तसा उमटतो. त्यामुळे ठरावीक वेळेचे स्नॅपशॉट (त्या क्षणी डेटा जसा होता तशी प्रत) आणि मुख्य स्टोरेजपासून वेगळी, बदलता न येणारी प्रत हवीच.

दुसरी चूक घाईची आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेत ऑप्टिकल उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य डेटा सेंटरचा संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरील डेटाबेस प्रायमरी (नव्या नोंदी स्वीकारणारे मुख्य) केले. पूर्वेकडच्या काही नोंदी मात्र पश्चिमेकडे पोहोचल्याच नव्हत्या. लिंक जुळली तेव्हा दोन्हीकडे परस्परांकडे नसलेल्या नोंदी होत्या आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. वेळ गेला तरी चालेल, पण वापरकर्त्यांचा डेटा गमवायचा नाही, हा तेव्हाचा त्यांचा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

अशा स्थितीला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. ती उद्भवली, तर आधी दोन्ही बाजूंचे लेखन थांबवा, दोन्हींचे स्नॅपशॉट घ्या, कोणत्या बाजूला शेवटची ग्राह्य नोंद आहे हे ॲप्लिकेशनच्या लॉगवरून ताडून पाहा आणि मगच एका बाजूचा डेटा टाकून रिसिंक (दोन्ही बाजू पुन्हा जुळवणे) सुरू करा. रिसिंकची दिशा चुकली, तर चांगल्या प्रतीवर जुनी प्रत चढते आणि स्नॅपशॉट नसेल तर ती परत मिळत नाही. लिंक तुटल्यावर कोणती साइट मुख्य राहील याचा कौल देणारा विटनेस सर्व्हर मुख्य साइटवरच ठेवू नका, कारण ती साइट बुडाली की तोही तिच्याबरोबर जातो. त्याला तिसरी जागा द्या.

अंतराचा हिशेबही अनेकदा राहून जातो. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १०० किलोमीटरच्या जाण्यायेण्यात १ मिलिसेकंद जातो. मुंबई–चेन्नई अंतर सरळ रेषेतच हजार किलोमीटरच्या आसपास असल्याने सिंक्रोनस मिररमध्ये (दुसऱ्या साइटची पोच आल्यावरच लेखन पूर्ण होते) प्रत्येक राइटला किमान १० मिलिसेकंदांचा भुर्दंड पडतो. तिथे पोचेची वाट न पाहणारी असिंक्रोनस पद्धत घ्यावी लागते. पण मग रेप्लिकेशन लॅगवर (दुसरी प्रत किती मागे आहे त्यावर) अलार्म लावा, कारण मुख्य साइट बंद पडण्याच्या क्षणी जितका लॅग असेल, तितका डेटा हातचा जातो.

साइट बदलण्याच्या सरावात (ड्रिलमध्ये) बहुतेक जण डीआर साइट, म्हणजे आपत्तीत वापरायची दुसरी साइट, सुरू झाली की थांबतात. तिथे दिवसभर खरे काम चालवा आणि त्या दिवसाच्या नोंदींसह मुख्य साइटवर परत या. अडचणी बहुधा या परतीच्या वाटेवरच निघतात.