विणीत अडकलेला दात

सासूबाईंची वेताची खुर्ची पुसताना बोटाला काहीतरी टोचलं. काढून पाहिलं तर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा, टोकदार, पांढराशुभ्र दात. आमच्या मांजरीच्या पिल्लाचा, चिंगीचा. ती तेव्हा ४ महिन्यांची होती आणि पंधरा दिवस मी तिला त्या खुर्चीवरून ओरडून हाकलत होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दात येताना लेकरू बोटं चावतं, तसंच आहे हे. तिला दुसरं काहीतरी दे ना चावायला." पुढे चिंगीच्या बाबतीत जे जे जमलं, ते याच एका वाक्याच्या आधाराने जमलं.

पिल्लाला दुधाचे २६ दात असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ३० येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून खुर्चीचा वेत, चपलेचा पट्टा, पुस्तकाचा कोपरा, काहीही चालतं. जुन्या टॉवेलचा जाड तुकडा ओला करून पिळा, गुंडाळी करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि गार झाला की द्या. मात्र समोर बसून द्या, आणि धागे सुटायला लागले की तुकडा टाकून द्या. खुर्चीवर मी तेवढे दोन महिने जाड सतरंजी घालून ठेवली.

गवताचं मला घटस्थापनेत कळलं. घटाखालच्या मातीत पेरलेलं धान्य चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं वर आलं आणि चिंगी थेट तिथे जाऊन कुरतडायला बसली. तेव्हापासून एका पसरट कुंडीत मूठभर गहू कायम पेरलेले असतात. बोटभर वाढले की कुंडी तिच्यासमोर ठेवते. खुर्चीच्या पायांकडचा तिचा ओढा यानेही कमी झाला.

दात आले, चावणं थांबलं, आणि सोफ्याचा कोपरा सुरू झाला. ओरबाडणं ही मात्र जन्मभराची गरज आहे. नख्यांवरचं जुनं टरफल त्याने निघतं, झोपून उठल्यावर पाठ ताणली जाते आणि पंजांतल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो. म्हणून ती उठल्या उठल्या, तेही सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या जागीच ओरबाडते. ते बंद करता येत नाही. जागा तेवढी बदलता येते.

बाजारातून आणलेला बुटका खांब तिने एकदा हुंगला आणि सोडून दिला. तो हलत होता, आणि मागच्या पायांवर उभं राहून अंग पूर्ण ताणायला उंचीही पुरत नव्हती. मग सुताराकडून ३ इंची चौकोनी, ३ फूट उंच लाकूड घेतलं आणि दीड फूट चौरस जाड प्लायवूडवर खालून स्क्रूने पक्कं बसवून घेतलं. हार्डवेअरच्या दुकानातून ८ मिलिमीटर जाडीची तागाची दोरी आणली. अडीच फूट उंचीला सुमारे ३२ मीटर लागली. दोरीचं टोक बारीक खिळे मारून बसवायचं, थोडं थोडं फेव्हिकॉल लावत जायचं आणि प्रत्येक वेढा खालच्या वेढ्याला घट्ट भिडवायचा. मी गुंडाळत होते तेव्हा चिंगी दोरीच्या वेटोळ्यावरच बसली होती. एकेक वेढा तिच्या पोटाखालून ओढून घ्यावा लागला, पण दोरीला तिचा वास तिथेच लागला. फेव्हिकॉल वाळायला पूर्ण एक दिवस द्या, तोवर खांब तिच्यापासून लांब ठेवा.

खांब गॅलरीत नेऊन टाकू नका. ती सोफ्याचा जो कोपरा ओरबाडते, त्याला अगदी खेटून ठेवा. कोपऱ्यावर रुंद डबल टेप लावा, पंजाला चिकटलेलं मांजराला आवडत नाही. खांबावर दोरी हलवून खेळवा आणि तिने पंजा मारला की लगेच आवडीचा खाऊ द्या. सवय पक्की झाली की रोज चार बोटं सरकवत खांब हव्या त्या जागी न्या. आमच्याकडे याला तीन आठवडे लागले. खोकलीचं रोप ओळखता येत असेल तर त्याचं मूळ धुऊन खांबाला चोळून बघा. बऱ्याच मांजरांना त्याची भुरळ पडते.

ओरडू नका, मारू नका, पाणी उडवू नका. ती ओरबाडायचं सोडत नाही, तुम्हाला घाबरायला शिकते आणि तुम्ही नसताना ओरबाडते. आणि लाकडाला फिनेल, नीलगिरी किंवा टी ट्रीचं तेल, कपाटात डांबरगोळ्या, हे तर अजिबात नको. ते मांजर चाटतं आणि त्यातून विषबाधा होते.

नख्या दोन-तीन आठवड्यांनी कापा. दुपारी ती पेंगत असताना पंजा हलका दाबला की नखी बाहेर येते. आतली गुलाबी रेघ सोडून फक्त पुढचं पारदर्शक टोक कापायचं. एका बैठकीत अठराही व्हायला हव्यात असं नाही, मी दोन-दोनच करते.

खुर्ची पुन्हा विणून मिळते, पण दोन गोष्टींत जीव जातो. चार्जरच्या वायरी प्लास्टिकच्या पट्टीत बंद करा आणि काम झालं की प्लग काढा. गजऱ्याचा दोरा, शिवणाचा दोरा, मांजा उघड्यावर ठेवू नका. गिळलेला दोरा आतडं कापू शकतो. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या. मोठं मांजर अचानक कापड, माती, प्लास्टिक चघळायला लागलं तरीही दाखवून आणा, दातांचं किंवा पोटाचं दुखणं असू शकतं.

खांबाची दोरी झिजली की फक्त फाटलेला भाग बदला. सगळी नवी गुंडाळली तर तिचा वास जातो आणि ती पुन्हा सोफ्याकडे वळते.