गूगल कॅलेंडर एपीआयमधून इव्हेंट बदलताना हे सांभाळा

एपीआय म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून गूगल कॅलेंडरशी बोलायची सोय. त्यातून नवीन इव्हेंट टाकणं सोपंय, इन्सर्ट या कमांडला टायटल, स्टार्ट आणि एंड दिलं की झालं. पण दिवसभराचा इव्हेंट असेल तर एंडला पुढच्या दिवसाची तारीख द्यायची, म्हणजे फक्त ५ तारखेचा असेल तर स्टार्ट ५ आणि एंड ६, कारण एंडची तारीख त्यात धरतच नाहीत.

खरी गडबड बदल करताना होते. अपडेट ही कमांड वापरली तर अख्खा इव्हेंट नव्याने लिहिला जातो, तुम्ही नुसती वेळ पाठवली तर डिस्क्रिप्शन वगैरे उडून जातं, म्हणून एखादीच गोष्ट बदलायचीय तर पॅच वापरा. त्यातही मेख आहे बरं का, पाहुण्यांची यादी पॅचने पाठवली की जुनी यादी पूर्ण जाते, त्यामुळे आधी गेट या कमांडने इव्हेंट आणायचा, यादीत नवीन माणूस जोडायचा आणि मग सगळी यादी परत पाठवायची. हे मी टीममधल्या प्रत्येक नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगते.

आणि दर वेळी सगळे इव्हेंट ओढू नका, सिंक टोकन (मागच्या वेळी कुठवर आणलं याची गूगलने दिलेली खूण) जपून ठेवा म्हणजे फक्त बदललेले येतात. ४१० एरर आला तर टोकन बाद झालंय, साठवलेलं सगळं पुसून पहिल्यापासून सिंक करा.