मोठ्या रायफलचा धक्का आणि आधीच मिटणारे डोळे
नागपूरच्या मे महिन्यात अंगात पातळ सुती शर्ट, त्यावर .३१५ बोअरची रायफल. रेंजवर पाच-सहा गोळ्यांतच खांदा ठणकतो. पुढच्या वेळी धक्क्याच्या धास्तीने डोळे आधीच मिटतात, गोळी खाली जाते. खरं नुकसान हेच.

दस्ता (रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) गळ्याजवळच्या हाडावर नको, खांद्याच्या खळग्यात घट्ट दाबा; सैल धरलात तर आपटणारच. दस्त्याला रबरी पॅड आणि कानांवर आवाज अडवणारे इअर मफ लागतातच, कारण निम्मी धास्ती आवाजाची असते. रायफलवरच्या दुर्बिणीपासून डोळा ८-९ सेंटीमीटर लांब, नाहीतर भुवई फुटते.

सोबत्याला तुमच्या नकळत मधेच डमी, म्हणजे न उडणारं काडतूस भरायला सांगा. चाप ओढताच नळीचं तोंड खाली झुकलं, तर ती धास्तीच; त्या दिवशी मोठी रायफल बाजूला ठेवून हलक्या धक्क्याच्या .२२ बोअरच्या रायफलवर सराव करा.