रात्री कायोटीवर रिमफायर: काडतूस निवडताना या चुका टाळा

टेक्सासच्या एडवर्ड्स पठारावर शेळ्या व्यायला लागल्या की रात्रीची कोल्हेकुई एकदम जवळ येते. कुई कोल्ह्याची नाही, कायोटीची. आपल्या कोल्ह्यापेक्षा मोठा आणि लांडग्यापेक्षा लहान असा हा प्राणी. इथला भरलेला नर साधारण दहा ते सोळा किलोंचा असतो, ईशान्य अमेरिकेतला त्याहून दांडगा. करडं उचलायला तो रात्री येतो आणि पशुपालक बंदूक घेऊन बसतो. इथले बरेच मराठी मित्र हौसेने सोबत जातात आणि जाण्याआधी मला फोन करतात. प्रश्न ठरलेला: "घरात पॉइंट टू-टू आहे, ती चालेल ना?"

एनसीसीत पॉइंट टू-टू चालवलेल्या माणसाला तिच्याबद्दल जिव्हाळा असतो, तो मलाही आहे. तरी माझं उत्तर असतं, घरीच राहू दे.

रिमफायर म्हणजे ज्या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या मधोमध नसून कडेच्या घडीत असतो ते. सुई त्या कडेवर आपटून ती घडी चेमटवते. कड चेमटायची तर पितळ पातळ हवं, आणि पातळ पितळ जास्त दाब सोसत नाही. रिमफायर आवाजाला कमी, धक्क्याला नगण्य, खिशाला स्वस्त आणि जोराला मर्यादित का असतं, याचं सगळं उत्तर या पातळ पितळात आहे. कायोटीसाठी पहिली निवड म्हणजे .२२३ सारखं सेंटरफायर, म्हणजे मसाला बुडाच्या मधोमध असलेलं जोरदार काडतूस, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आसपास घरं असतील, रान पन्नास एकरांचंच असेल, किंवा राज्याचा नियमच तसा असेल, तर रिमफायर घ्यावं लागतं. मिशिगनमध्ये सरकारी जमिनीवर रात्रीच्या शिकारीला बंदुकांपैकी .२२ किंवा त्याहून लहान रिमफायर किंवा छर्ऱ्याची बंदूक, एवढीच मुभा आहे. मग प्रश्न उरतो तो कुठलं रिमफायर, याचा.

"डोक्यात मारली की झालं"

पॉइंट टू-टूचं नेहमीचं काडतूस म्हणजे .२२ एलआर (लाँग रायफल; आकडा गोळीच्या जाडीचा, इंचात). ते १८८७ पासून चालत आलंय, दुकानात पहिलं दिसतं तेच. त्याची ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वरची, गोळी नळीतून निघताना साधारण १३५ फूट-पाउंड (गोळीची ऊर्जा मोजायचं माप) जोर घेऊन निघते आणि शंभर यार्डांवर तिच्यात ९० च्या आसपास उरतो. .२२३ चा आकडा नळीशी बाराशेच्या वर असतो. ससा, खार, फार तर रॅकून यांच्यासाठी .२२ एलआर उत्तम आहे. कायोटीच्या दाट लोकरीमागे, फासळ्यांमागे काळीज-फुप्फुसांची जागा तळहाताएवढी असते आणि हिवाळी केसांमुळे तो असतो त्याहून जाडजूड दिसतो. रात्री नेम धरणारा माणूस केसांवर नेम धरतो.

मग कोणीतरी म्हणतो, डोक्यात मारू. कायोटी डोकं स्थिर ठेवत नाही. तो हुंगतो, वळून बघतो, कान फिरवतो. साठ यार्डांवर, अंधारात, हलत्या डोक्यावर .२२ एलआर झाडणं म्हणजे जबडा फुटलेलं जनावर आठवडाभर उपाशी मरायला सोडणं. पिंजऱ्यात किंवा सापळ्यात अडकलेल्या जनावरासाठी दहा पावलांवरून ते ठीक आहे. त्यापलीकडे नाही.

आवाज दाबणारा सप्रेसर लावून सबसॉनिक काडतूस घेणारे तर एक पायरी आणखी खाली उतरतात. गोळी ध्वनीपेक्षा हळू जाते म्हणून फटका ऐकू येत नाही, हे खरं. पण जोर नळीशीच शंभराच्या आसपास येतो. शेजाऱ्याची झोप सांभाळायची असेल तर एकच नीट गोळी झाडावी. तीन मंद गोळ्यांपेक्षा तिचा आवाज कमीच.

डब्यावरचा वेगाचा आकडा

ही चूक मी स्वतः केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

.१७ एचएमआर २००२ मध्ये बाजारात आलं. .२२ मॅग्नमचंच (एलआरहून लांब आणि जोरदार, त्याबद्दल पुढे) काडतूस, गळा आवळून बारीक केलेला. १७ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला २,५५० फूट. डबा हातात घेतला की भुरळ पडते. नेमही असा लागतो की शंभर यार्डांवर बाटलीचं झाकण उडवावं. मीही भुरळलो. एका जानेवारीत ऐंशी यार्डांवर कायोटी आडवा उभा राहिला, मी पुढच्या फऱ्यावर (खांद्यावर) गोळी घातली. तो कोलमडला, उठला आणि सीडरच्या गचपणात गेला. टॉर्च घेऊन दोन तास शोधलं. रक्ताचे चार थेंब, पुढे काही नाही. सकाळी पशुपालकाच्या कुत्र्याने शोधून दिला. जिवंत होता.

त्याला संपवून मग जखम बघितली. गोळी फऱ्याच्या हाडावर फुटून वरच्या मांसातच विखुरली होती, छातीत काही पोहोचलंच नव्हतं. ती पातळ कवचाची, प्लास्टिकच्या टोकाची गोळी प्रेअरी डॉगसारख्या (नावाला डॉग, पण खारीच्या कुळातला) चिमुकल्या जनावरासाठी बनवलेली असते. लागल्याबरोबर तिने फुटावं हाच तिचा गुण. मी तिच्याकडून दुसऱ्याच कामाची अपेक्षा केली.

शिवाय वेगाचा तो आकडा नळीच्या तोंडाशी मोजलेला. १७ ग्रेन म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. इतकी हलकी गोळी हवेत लवकर दमते. नळीशी २४५ फूट-पाउंड असलेला जोर शंभर यार्डांवर १३६ होतो. म्हणजे .२२ एलआर नळीतून निघताना असते, तिथेच आपण शंभर यार्डांवर येऊन उभे. काडतूस निवडताना डब्याच्या मागच्या तक्त्यातला शंभर यार्डांचा रकाना आधी वाचा, पहिला रकाना नंतर.

तुमच्याकडे .१७ एचएमआरच असेल तर २० ग्रेनची, आत शिरून मग पसरणारी गोळी घ्या. हाड टाळून फऱ्याच्या लगेच मागे मारा, जनावर पूर्ण आडवं असेल तेव्हाच, आणि सत्तर-पंचाहत्तर यार्डांच्या पुढे नाही. समोरून छातीवर नको, पळत्यावर नको. आणि वाऱ्याला विसरू नका. ताशी दहा मैलांचा आडवा वारा शंभर यार्डांवर या गोळीला चारेक इंच ढकलतो, म्हणजे काळजाच्या जागेवरून थेट पोटात. दिवसा गवत हलताना दिसतं, रात्री थर्मल दुर्बिणीत, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या दुर्बिणीत, वारा दिसत नाही. गालाला लागतो तेवढाच कळतो.

मॅग्नम घेतलं, पण चुकीच्या डब्यातलं

.२२ मॅग्नम १९५९ चं, जुनं आणि भरवशाचं. ४० ग्रेनची गोळी, नळीशी तीनशेच्या वर फूट-पाउंड, शंभर यार्डांवर दीडशेच्या जरा वर. कागदावर एचएमआरपेक्षा फार पुढे नाही. पण गोळी जाड आणि वजनदार असल्याने आत शिरते, आणि कायोटीला तेच लागतं. रिमफायरच घ्यायचं असेल तर माझा कौल यालाच, ४० ग्रेन, पोकळ टोकाची, कवच असलेली. पंचाहत्तर यार्डांपर्यंत निवांत, शंभर म्हणजे ओढाताण.

इथे दोन गोंधळ होतात. एक, दुकानात .२२ मॅग्नमचे स्वसंरक्षणासाठीचे डबेही असतात. ते आखूड नळीच्या पिस्तुलासाठी बेतलेले असतात. लांब नळीतून त्यांची गोळी ठरवल्यापेक्षा जोरात जाते आणि लवकर फुटते. दोन, मॅग्नमच्या रायफलीत .२२ एलआर भरणं. ते आत जातं, म्हणून बसतं असं वाटतं. मॅग्नमचं घर रुंद असतं, एलआरचं पितळ त्यात फुगून चिरतं आणि तापलेला वायू मागे, डोळ्यांकडे येतो. दोन्ही डबे एकाच पिशवीत कधीच ठेवू नका, अंधारात तर नाहीच.

.१७ डब्ल्यूएसएम हे सगळ्यांत ताकदवान. २० ग्रेन, सेकंदाला तीन हजार फूट, नळीशी चारशे फूट-पाउंड आणि शंभर यार्डांवरही पावणेतीनशेच्या वर. खिळे ठोकायच्या औद्योगिक बंदुकीच्या काडतुसावरून ते घडवलं, ही गंमत मला फार आवडते. पण त्याच्या रायफली मोजक्या कंपन्यांनी केल्या आणि काडतूस प्रत्येक दुकानात मिळत नाही. घेण्याआधी तुमच्या गावात डबा मिळतो का ते बघा.

अंधाराचं गणित

थर्मलमध्ये सगळं पांढरं-काळं आणि सपाट दिसतं, खोली नसते. चाळीस यार्डांवरचा ससा आणि दीडशे यार्डांवरचा कायोटी सारखेच वाटतात. एचएमआर शंभर यार्डांना झीरो केली, म्हणजे दुर्बिणीतला नेम त्या अंतरावर गोळीशी जुळवला, तर दीडशेवर गोळी अडीच इंच खाली येते आणि दोनशेवर साडेआठ. म्हणून उजेड असतानाच जागेवर जा. कुंपणाचा खांब, पाण्याची टाकी, एकटं मेस्कीट झाड यांची अंतरं मोजून कागदावर लिहा. त्या खुणांच्या अलीकडे आला तर गोळी, पलीकडे असेल तर वाट बघायची. कायोटीला बोलावायला आवाजाचं यंत्र लावलं असेल तर कायोटी सरळ त्याच्याकडे येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूने हुंगत येतो. अंतरं त्या बाजूची आधी मोजा.

आणि कुत्री. शेळ्यांच्या या मुलखात कळपाबरोबर ग्रेट पिरेनीज किंवा अनाटोलियन जातीची राखणदार कुत्री रात्रभर मोकळी फिरतात. थर्मलमध्ये तीही चार पायांचा पांढरा ठिपका. मालकाला आधी विचारा, किती कुत्री, कुठल्या बाजूला, शेजाऱ्याची किती. चाल, शेपटी, कान ओळखू आले नाहीत तर बोट चापाबाहेर.

"छोटी गोळी, कुठे जाणार" ही समजूतही काढून टाका. .२२ च्या डब्यावरच सव्वा-दीड मैलांचा इशारा छापलेला असतो. जनावराच्या मागे माती किंवा चढ नसेल, नुसतं आकाश असेल, तर ती गोळी झाडायची नाही.

सगळं बरोबर घेऊनही लागत नाही, तेव्हा

चाप ओढला आणि नुसतं टक झालं, तर बोल्ट (काडतुसामागची सरकती खिट्टी) लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा. मग काडतूस बाहेर काढून बुडाची कड बघा. खूण फिकी असेल तर दोष बहुधा बंदुकीचा, थंडीत घट्ट झालेलं तेल सुईची गती खातं. बोल्ट पुसून कोरडा ठेवा. खूण खोल असेल तर मसाला त्या जागी पसरलेला नव्हता, ते काडतूस टाकून द्या.

चाप ओढल्यावर आवाज फुसका आला तर पुढची गोळी झाडूच नका. आधीची नळीत अडकली असेल.

झीरो सरकला असेल तर आधी आठवा, डबा बदललाय का. रिमफायर उत्पादनाच्या लॉटप्रमाणेही रंग बदलतं. एका लॉटचे पाचसहा डबे घेऊन झीरो त्यांचाच करा. दिवसाच्या दुर्बिणीवर केलेला झीरो थर्मलला लागू होत नाही, निशाणावर हात गरम करायची पुडी चिकटवून तो वेगळा करा. थर्मल नळीपासून उंच बसते, म्हणून पंधरा यार्डांवर आलेल्या जनावराला गोळी दीड-दोन इंच खाली लागते. एचएमआर शंभरेक गोळ्यांनंतर भरकटू लागली तर नळीत तांबं साचलंय. सफाईची सळई .१७ चीच हवी, .२२ ची आत जाणार नाही.

व्हिसा

हे शेवटी लिहितोय, पण करा सगळ्यांत आधी. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याने बंदूक किंवा काडतूस बाळगणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. मित्राची असली तरी. अपवादांत आपल्या कामाचा एकच, तुमच्या नावावर चालू असलेला शिकारीचा परवाना. टेक्सासचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो. सप्टेंबरात जुन्या परवान्यावर गाडीत नुसता डबा ठेवलात तरी तो अपवाद गेलेला असतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. बाकी नियम राज्यागणिक बदलतात. कुठे रात्री थर्मल चालत नाही, कुठे दिव्याच्या रंगावर बंधन, तर कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. तिथे बिनशिशाची, आणखी हलकी गोळी घ्यावी लागते, तेव्हा वर सांगितलेली अंतरं आणखी कमी धरा. आणि सुट्टीत गावी गेल्यावर हे काही डोक्यात आणू नका, भारतात कोल्हा आणि लांडगा दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत.

माझी एचएमआर मी त्याच हिवाळ्यात विकली. पशुपालकाने विचारलं, आता काय आणणार? मॅग्नम म्हटल्यावर त्याने कोठारातून स्वतःची काढून दाखवली. लाकडी दस्त्याची, घासून गुळगुळीत झालेली. दस्त्यावर चाकूने एकच आकडा कोरलेला होता: ७५.