कागदी विमान: घडीपेक्षा मागची कड सांभाळा

झेरॉक्सचा साधा ए४ कागद घ्या, ७५ किंवा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरमागे तितके ग्रॅम वजनाचा). वहीचं पान नको, त्याची फाडलेली बाजू कधीच सरळ नसते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात रीम सहज मिळतं, मात्र पावसाळ्यात ते पिशवीत बांधून ठेवा. दमट हवेत कागद मऊ पडतो आणि पंख लोंबतात.

कागद उभा धरून मधोमध घडी घाला, उघडा. वरचे दोन्ही कोपरे मधल्या रेघेवर आणा. तयार झालेला त्रिकोण खाली दुमडा, पण त्याच्या पायावर नाही, पायाच्या २ सेंमी खाली. हे चुकलं की पुढचं सगळं चुकतं, कारण वरचे नवे कोपरे परत मधल्या रेघेवर आणल्यावर त्रिकोणाचं टोक त्यांच्याखालून २ सेंमी बाहेर डोकावलं पाहिजे. ते टोक वर दुमडलं की घड्यांना कुलूप लागतं. कुलूप बाहेरच्या बाजूला राहील असा कागद मधोमध दुमडा आणि तळापासून २ सेंमीवर दोन्ही पंख पाडा. प्रत्येक घडी पट्टीच्या कडेने दाबून घ्या.

इथे बहुतेक जण थांबतात, विमान नाकावर आपटतं आणि दोष घडीवर येतो. घडी ठीक असते, जुळवणी झालेली नसते.

आधी विमान समोरून डोळ्यांच्या रेषेत धरून बघा. पंख आडवे नकोत, दोन्ही बाजूंना सारखे किंचित वर उचललेले हवेत. एक पंख जरी खाली झुकला तरी विमान त्या अंगाला कलंडतं. मग दोन्ही पंखांची मागची कड फक्त २ मिमी वर वळवा. कडक घडी घालायची नाही, बोटांच्या चिमटीत कागदाला हलका बाक द्यायचा. घडी पडली की ती पुन्हा पुसता येत नाही.

आता खांद्याच्या उंचीवरून, समोर, अलगद सोडा. सरळ गोता खाल्ला तर कड आणखी थोडी वर. नाक वर करून थबकलं आणि मग खाली पडलं, तर कड जास्त वळली आहे, थोडी सपाट करा. डावीकडे वळत असेल तर उजव्या पंखाची कड केसभर वर घ्या, उजवीकडे वळलं तर डाव्या पंखाची. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीनदा फेका. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही. चार-पाच फेऱ्यांत विमान सरळ जाऊ लागतं.

जुळवणी होईपर्यंत जोरात फेकू नका. जोर केला की कडेचा बाक कितीतरी जास्त परिणाम करतो, विमान गिरकी घेतं आणि दोष दिसेनासा होतो. जोर हे वेगळंच कसब आहे: २०१२ साली ६९.१४ मीटरचा विश्वविक्रम झाला, तेव्हा विमान जॉन कॉलिन्स यांनी घडवलं होतं, फेकलं मात्र जो अयूब या अमेरिकन फुटबॉलपटूने.

पकड कुलपाजवळ, अंगठा आणि तर्जनीत. जुळवणी घरात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये करा, वेताळ टेकडीच्या वाऱ्यात नाही. टेकडीवर न्यायचंच असेल तर हिवाळ्यातल्या पहाटे, हवा स्तब्ध असताना न्या.