पॉटने सेट होणारं कॉन्स्टंट करंट सर्किट, सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकेल असं

पॉवर एलईडीला व्होल्टेज नाही, करंट सांभाळून द्यावा लागतो. एलईडी तापली की तिचा फॉरवर्ड व्होल्टेज उतरतो, मग ती अजून करंट ओढते, अजून तापते आणि शेवटी उडते.

एकच करंट हवा असेल तर एलएम३१७ हा रेग्युलेटर आयसी पुरे. आउट आणि अ‍ॅडजस्ट पिनमध्ये रेझिस्टर टाका, लोड अ‍ॅडजस्ट पिनवरून घ्या, १.२५ भागिले रेझिस्टर म्हणजे करंट, ३.६ ओहमला साधारण ३५० मिलीअँप. पण त्या रेझिस्टरच्या जागी पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावू नका बरं का, सगळा करंट वायपरमधून, म्हणजे पॉटच्या मधल्या सरकत्या पायातून जातो आणि साधं पॉट टोकाला फिरवलं की जळतंय.

म्हणून पॉटने फक्त व्होल्टेज सेट करायचा, करंट मॉस्फेटने ओढायचा. १२ व्होल्ट २ अँपचा अ‍ॅडाप्टर घ्या. लोड प्लस आणि आयआरएफझेड४४एन या मॉस्फेटच्या ड्रेनमध्ये, सोर्सपासून ग्राउंडला १ ओहम ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर. टीएल४३१ या व्होल्टेज रेफरन्स आयसीची रेफरन्स पिन कॅथोडला जोडून १२ व्होल्टवरून १.५ के मधून सप्लाय द्या, २.५ व्होल्ट पक्के मिळतात. तिथून १५ के आणि खाली १० के चं पॉट, म्हणजे वायपरवर ० ते साधारण १ व्होल्ट, आणि सोर्सचा रेझिस्टर १ ओहमचा असल्यानं जितके व्होल्ट तितकेच अँप करंट. वायपर एलएम३५८ या ऑप-अँपच्या प्लस इनपुटला, मायनसला सोर्सवरून १० के, आउटपुट १०० ओहममधून गेटला. ऑप-अँपचं आउटपुट आणि मायनस इनपुट यांच्यामध्ये १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर विसरू नका, नाहीतर ऑसिलेशन होतं (करंट सतत वरखाली होत राहतो), मीटरवर आकडा बरोबर दिसतो आणि आत गोंधळ चालू असतो. वायपर ते ग्राउंड १०० के पण टाका, वायपरचा काँटॅक्ट सुटला तर करंट वर न जाता शून्यावर येतो. पॉटचं ग्राउंड थेट सिमेंट रेझिस्टरच्या पायालाच जोडा, लांब ट्रॅक मध्ये आला की करंट चुकतो.

आता हीटसिंक, इथं कंजूषी अजिबात नको. लोड शॉर्ट झाला तर मॉस्फेटवर ११ व्होल्ट आणि १ अँप, म्हणजे ११ वॅट. डेटाशीटमधली २५ डिग्री आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये कुठली ओ, बाहेर ४२-४३ आणि पत्र्याच्या शेडमध्ये डब्याच्या आत ५५ धरून चला. जंक्शन, म्हणजे मॉस्फेटच्या आतली चिप, १२५ च्या खाली ठेवायचं तर ७० डिग्री भागिले ११ वॅट, साधारण ६.४, त्यातले दोनेक मॉस्फेटच्या आतले आणि हीटसिंकवर टाकायच्या मायकाच्या इन्सुलेटरचे गेले, उरले ४ डिग्री प्रति वॅट. हीटसिंक त्यापेक्षा मोठाच, म्हणजे हा आकडा ४ पेक्षा कमी असलेला घ्या. पॉवरलूमच्या शेडमध्ये लावणार असाल तर रुंद फटींचा, फिन्स उभ्या राहतील असा बसवा, चादरी-टॉवेलच्या कामात सुताचा भुसा फटीत गच्च बसतो आणि हवा बंद होते.

टेस्ट करताना लोड तोडायची गरज नाही. मीटर मिलीव्होल्टवर ठेवून सिमेंट रेझिस्टरच्या दोन्ही पायांवर लावा, ३५० मिलीव्होल्ट दिसले की ३५० मिलीअँप. एलएम३५८ चा ऑफसेट काही मिलीव्होल्ट असतो, त्यामुळं २० मिलीअँपच्या खाली यावर भरवसा ठेवू नका, तिथं १० ओहमचा रेझिस्टर लावा.